दोन्ही भाषांत खरं

अबोली हे नाव ठेवताना तिच्या आईबाबांनी फक्त फुलाचा विचार केला असावा. मुलगी पुढे इतकी बोलेल हे त्यांना कुठून कळणार? दात घासताना ती बोलायची, शाळेच्या व्हॅनमध्ये बोलायची, आणि वर्गात बाईंनी "चुप!" म्हटलं की बाई कशा चुप म्हणाल्या तेही शेजारणीला सांगायची. भोपाळच्या नेहरू नगरातल्या एका शाळेत ती सहावीत होती. तिचा जन्मच इथला. बाबा रोज मंडीदीपच्या कारखान्यात जायचे. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि दोन्ही मिळून तिची स्वतःची अशी एक तिसरी भाषा. ती घरीसुद्धा "हओ" म्हणायची आणि आई न चुकता म्हणायची, "हो म्हण गं, हो!"

फक्त एका ठिकाणी अबोली गप्प बसत असे. गुरुवारी, लायब्ररीच्या तासाला.

लायब्ररी म्हणजे एक लांबट खोली. दाराशी फरहत मॅडमचं टेबल आणि टेबलाला लागून एक लाकडी स्टूल. चौथीपासून त्या स्टुलावर अबोली बसत आली होती. मुलं रांगेनं पुस्तकं घेऊन येत, मॅडम रजिस्टरमध्ये नंबर लिहीत आणि अबोली शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखेचा शिक्का मारत असे. शिक्क्याला लाकडी मूठ होती. खाली रबराच्या बारीक पट्ट्या होत्या, त्या नखानं फिरवल्या की तारीख बदलायची. जांभळ्या शाईत टेकवायचा, सरळ धरायचा आणि दाबायचा. त्या एका आवाजासाठी अबोली अख्खा आठवडा थांबत असे. वर्गात तिच्यापेक्षा हुशार मुली होत्या, धावणाऱ्या होत्या, गाणाऱ्या होत्या. शिक्का मात्र तिचा होता.

जुलैत स्वरदा आली.

स्वरदाच्या बाबांची पुण्याहून इथे बदली झाली होती, टी. टी. नगरातल्या एका ऑफिसात. ती आली ती कानांवर मोठे निळे हेडफोन लावून. त्यात गाणी वाजत नव्हती, ते फक्त बाहेरचा आवाज कमी करायचे. क्लास टीचरनी वर्गाला सांगितलं की स्वरदाला ऑटिझम आहे, तिला खूप आवाज सहन होत नाही, ती बोलताना आपल्याकडे बघेलच असं नाही, आणि आपण सगळ्यांनी समजून घ्यायचं. मुलांनी "यस मॅम" म्हटलं. समजून म्हणजे नक्की काय घ्यायचं, ते कोणी विचारलं नाही.

अबोलीला जे समजलं ते असं. स्वरदाला प्रार्थनेला मैदानात उभं राहावं लागत नाही. ती तेव्हा लायब्ररीत बसते. मधल्या सुट्टीतही लायब्ररीत बसते, खिडकीखालच्या खुर्चीवर, आणि तिच्या डोक्यावरचा पंखा खरखरतो म्हणून मॅडम तो बंद ठेवतात. टेस्टला तिला वीस मिनिटं जास्त मिळतात. आणि ती बाईंच्या चेहऱ्याऐवजी भिंतीवरच्या नकाशाकडे बघून उत्तर देते तरी कोणी ओरडत नाही. अबोलीनं एकदा, फक्त एकदा, बाई बोलत असताना खिडकीबाहेर पाहिलं होतं तर केवढं ऐकावं लागलं होतं!

त्यात मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "अबोली बेटा, तुम भी मराठी हो ना? स्वरदा की थोड़ी मदद कर दिया करो. छुट्टी में पाँच मिनट. दोपहर में कौन-सा पीरियड बदला है, बता दिया करो. अचानक कुछ हो तो वो घबरा जाती है."

"हओ मॅम," अबोली म्हणाली. नाही कसं म्हणणार?

आणि मग सतरा जुलैचा गुरुवार आला.

त्या दिवशी रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या घरी मांजरीला पिल्लं झाली होती. अबोलीनं स्टुलावरचा आपला नियम मोडला आणि गप्पा सुरू केल्या. बोलता बोलता ती शिक्के मारत गेली. बारा पुस्तकं झाली असतील. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. मोठा, सपाट, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"वापसी की तारीख चौबीस है. तेईस लगी है."

स्वरदा हातातल्या पुस्तकाकडे बघत उभी होती. मॅडमनी एक पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं. तेवीस. तेवीस. मुलं हसली. स्वरदा हसली नाही. ती टेबलाशी आली, शिक्का उचलला, नखानं पट्टी एक घर पुढे सरकवली आणि कोऱ्या कागदावर उमटवून पाहिली. चोवीस. काठाला अगदी समांतर.

"अरे वाह," मॅडम म्हणाल्या. "ऐसा करते हैं, ठप्पा कुछ दिन स्वरदा सँभालेगी. अबोली, तुम्हें बातें करने को भी मिल जाएँगी."

मॅडम हे हसून म्हणाल्या. हसून म्हटलेलं कधी कधी जास्त लागतं.

त्या दिवशी घरी आल्यावर अबोलीनं दप्तर कॉटवर टाकलं आणि जाहीर केलं, "आई, मला पण ऑटिझम पाहिजे."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. "काय म्हणालीस?"

"तिला सगळं मिळतं! पंखा बंद. प्रेयर नाही. जास्त टाइम. आता शिक्का पण तिलाच. मी पण उद्यापासून नकाशाकडे बघणार."

आई रागावेल असं तिला वाटलं होतं. आई तिच्या शेजारी येऊन बसली. "गेल्या हिवाळ्यात तुझ्या त्या लाल स्वेटरचं लेबल टोचत होतं, आठवतं? भर समारंभात रडून गोंधळ घातला होतास. शेवटी मी कात्री मागून आणली."

"मग? खूप टोचत होतं ते!"

"मला टोचलं नसतं कदाचित. पण तुला टोचत होतं. स्वरदाला शाळेची घंटा तशी टोचत असेल. पंखा टोचत असेल. आणि घंटा काही कात्रीनं कापता येत नाही. म्हणून तिला पंखा बंद करून देतात. ते बक्षीस नाही गं अबोली, लेबल कापणं आहे."

अबोलीला हे पटलं. खरं तर पटल्यामुळेच ती जास्त चिडली, कारण पटल्यावर रागावायला काही उरत नाही आणि राग तर तसाच होता. "आणि शिक्का?" तिनं विचारलं. "तो कुठल्या लेबलसाठी?"

आई उठून पुन्हा घड्या घालू लागली. शिक्का स्वरदाला मिळाला होता तो ती बरोबर मारायची म्हणून.

पुढच्या सोमवारी अबोलीनं ते पहिल्यांदा केलं.

स्वरदानं हिंदी गोष्टींचं कपाट नंबरानं लावलं होतं. मधल्या सुट्टीत ती खोलीत आली की आधी त्या कपाटासमोर उभी राहायची, बोट न लावता डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची, आणि मगच खुर्चीवर बसून डबा उघडायची. अबोली त्या दिवशी एक मिनिट आधी पोचली. तिनं एकशे चौदा नंबरचं पुस्तक काढलं आणि खालच्या कप्प्यात कोंबलं. एवढंच.

स्वरदा आली, कपाटासमोर उभी राहिली आणि तिची नजर अडकली. ती पुन्हा पहिल्यापासून बघू लागली. मग तोंडातून बारीक गुणगुण सुरू झाली, एकाच सुरातली. ती पुढे-मागे झुलू लागली. डबा तसाच राहिला. घंटा व्हायच्या जरा आधी पुस्तक सापडलं, तेव्हा कुठे तिचे खांदे खाली आले.

अबोली हे सगळं दुसऱ्या कपाटाआडून पाहत होती. तिला वाटलं होतं मजा येईल. मजा आली नाही, पण छातीतलं काहीतरी थोडं सैल झालं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा एक पुस्तक हलवलं.

गंमत अशी की पाच मिनिटांची मदतही ती रोज इमानानं करत होती. पुस्तक सापडलं की कपाटाआडून बाहेर यायची आणि नुकतीच आल्यासारखी सांगायची, "आज पाचवा तास पीटीऐवजी ड्रॉइंग आहे. आणि ऐक, मुलं 'अपन चलते हैं' म्हणाली ना, तर 'अपन'मध्ये तू पण आहेस."

"अपन म्हणजे आपण," स्वरदा म्हणायची आणि एका जाड वहीत लिहून घ्यायची. वहीच्या कव्हरवर लिहिलं होतं: दोन घरांचे शब्द.

ती वही कशी सुरू झाली, हे स्वरदानं एकदा सांगितलं होतं. तिच्या पहिल्या आठवड्यात हिंदीचे सर तिला म्हणाले होते, "स्वरदा, चेष्टा करो." ती उभी राहून म्हणाली, "मैं किसी की चेष्टा नहीं करती." वर्ग खदखदून हसला. का, ते तिला दोन दिवस कळलं नाही. मग कळलं की मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा आणि हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. शब्द एकच, राहायला दोन घरांत. तेव्हापासून ती असे शब्द पकडून ठेवत होती, पुन्हा फसायला नको म्हणून. मत: मराठीत विचार, हिंदीत नको. आई: मराठीत आई, हिंदीत ती आली. प्रत्येक शब्दापुढे दोन वाक्यं, एक मराठीतल्या अर्थाचं, एक हिंदीतल्या.

"तुझी वही मस्त आहे," अबोली तेव्हा म्हणून गेली होती. आणि लगेच तिला त्याचाही हेवा वाटला होता. दोन्ही भाषा तर तिला जन्मापासून येत होत्या. ही वही तिला का सुचली नाही?

सप्टेंबरात हिंदी दिवस आला. फरहत मॅडमनी लायब्ररीच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड लावला आणि सगळ्यांना एकेक कार्ड दिलं. "हिंदी तो रोज़ लिखते हो. इस बार अपने घर की बोली में लिखो. एक वाक्य, अपने किसी साथी के बारे में." कोणी बुंदेलीत लिहिलं, कोणी सिंधीत, कोणी मल्याळममध्ये. वर्गात मराठी दोघीच. अबोलीनं आपल्या व्हॅनमधल्या मैत्रिणीवर लिहिलं.

अकरा तारखेच्या गुरुवारी मॅडम एकेक कार्ड वाचून लावत होत्या. मल्याळम वाचताना त्यांची जीभ अडखळली आणि सगळे हसले. मग त्यांनी स्वरदाचं कार्ड घेतलं.

"अबोली मला रोज शिक्षा देते."

मॅडमचा चेहरा फुलला. "लो, ये तो मैं बिना पूछे समझ गई! अबोली मुझे रोज़ शिक्षा देती है. बच्चो, देखो, इसको कहते हैं दोस्ती. दो महीने से ये लड़की रोज़ छुट्टी में आकर स्वरदा को सिखा रही है, और मुझे लगता था ये सिर्फ़ बोलती है. तालियाँ!"

टाळ्या पडल्या. अबोलीचे कान गरम झाले. मॅडमना ऐकू आली होती ती हिंदी. अबोलीच्या कानात मराठी घुमत होती. शिक्षा. रोज शिक्षा देते. म्हणजे हिला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. आणि तिनं ते लिहून भिंतीवर लावलं.

"और अगले गुरुवार से," मॅडम म्हणाल्या, "ठप्पा वापस अबोली के पास. पूरे साल."

दोन महिने ज्याची वाट पाहिली ते हेच वाक्य होतं. अबोलीनं स्वरदाकडे पाहिलं. स्वरदा आपल्या कार्डाची खालची कड बोर्डाच्या कडेला समांतर आहे का, ते बघत होती.

शनिवारी पालकांची मीटिंग होती. बोर्ड त्यांच्यासाठीच लावला होता. आई येणार होती, आणि आईला मराठी येत होतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत अबोली धावतच लायब्ररीत गेली. मॅडम स्टाफरूममध्ये चहाला गेल्या होत्या. तिनं कार्डाच्या डाव्या पिनेला हात घातला.

"उजवी आधी काढ," मागून आवाज आला. "डावी काढलीस तर कार्ड फाटेल. तिथे कागद पातळ आहे."

स्वरदा खिडकीखाली डबा उघडून बसली होती. आज कपाटातलं एकही पुस्तक हललेलं नव्हतं.

"तू हे का लिहिलंस?" अबोलीचा आवाज चिरका झाला.

"मॅडमनी वाक्य मागितलं."

"पण हेच का?"

"खरं आहे म्हणून."

"कुठलं खरं? मराठीतलं की हिंदीतलं?"

"दोन्ही," स्वरदा म्हणाली. तिनं वही काढून पान उघडलं. तिचा आवाज एकदम भरभर झाला. "बघ. सगळ्या शब्दांना दोन वाक्यं लागली. शिक्षाला एकच पुरलं. तू मला पीरियड सांगतेस, अपन सांगितलंस, ती हिंदीतली शिक्षा. पुस्तक हलवतेस ती मराठीतली. दोन्ही रोज. असं दोन्ही भाषांत खरं असलेलं वाक्य मला पहिल्यांदाच सापडलं."

ती खूश होती. अबोलीनं सगळ्याची तयारी केली होती, भांडणाची, रडण्याची, "मॅडमना सांगीन"ची. या आनंदाची नाही. ती स्टुलावर बसली.

"मीच हलवते हे तुला कसं कळलं?"

"एकवीस आणि बावीस ऑगस्टला तुला ताप होता. ते दोन दिवस सगळी पुस्तकं जागेवर होती."

"मग मॅडमना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही." स्वरदानं डब्यातल्या पोळीचा तुकडा केला, पण खाल्ला नाही. "आधी वाटलं खेळ आहे. पण खेळ असला की नियम सांगतात. तू सांगितले नाहीस. मग मी विचार केला की शिक्षा असेल. पण कशाची, ते पण तू सांगितलं नाहीस."

"तुला खूप त्रास व्हायचा?"

"पोटात दुखायचं. पुस्तक सापडेपर्यंत." मग ती म्हणाली, "सगळे म्हणतात मला लोक कळत नाहीत. मराठीत त्याला स्वमग्न म्हणतात. तो शब्द चुकीचा आहे. मी स्वतःत मग्न नसते. मी इतकं सगळं ऐकत असते की दमते. मी तू का करतेस याचा खूप विचार केला. मला कळलं नाही. का करत होतीस?"

अबोली म्हणजे बोलायला ढीगभर शब्द असणारी मुलगी, पण यासाठी तिला एकच शब्द सापडला, तोही तिच्या त्या तिसऱ्या भाषेतला.

"मला जलन होत होती."

"कुठे?" स्वरदानं पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या हातांकडे. "भाजलं का? कोरफड लावलीस?"

अबोलीला हसू फुटलं आणि त्याच हसण्यातून रडू. "तशी नाही गं. हिंदीत जलन म्हणजे हेवा पण. मला तुझा हेवा वाटत होता."

"माझा?" स्वरदा एकेक बोट दुमडत गेली. "मला घंटेचा त्रास होतो. मैदानात जाता येत नाही. वाढदिवसाला मला अजून कोणी बोलावलेलं नाही. याचा हेवा?"

"नाही. शिक्क्याचा."

"ओह. शिक्का." हे तिला लगेच समजलं. "शिक्का छान आहे. मला पण त्याचा हेवा वाटला असता." मग तिनं वहीत नवीन शब्द लिहिला, पुढे वाक्यांची जागा रिकामी ठेवून. जलन. आणि मान वर न करता म्हणाली, "तू बोलत नसलीस की तू पण सरळ मारतेस."

"मी आता पुस्तक हलवणार नाही. कधीच. मग ते वाक्य खोटं होईल ना? काढू कार्ड?"

"आज एकच दिवस झालाय," स्वरदा म्हणाली. "एका दिवसावरून कळत नाही. आठवडाभर बघते."

"पण उद्या आई येणार आहे!"

"मग ती वाचेल," स्वरदा म्हणाली. तिच्या दृष्टीनं प्रश्न तिथे संपला होता.

मॅडम चहा पिऊन आल्या तेव्हा अबोली टेबलाशीच उभी होती. कार्ड भिंतीवर होतं. ती गप्प राहिली असती तर शिक्का तिचा होता, पूर्ण वर्षासाठी. लायब्ररीत त्या वाक्याचा मराठी अर्थ दुसऱ्या कोणाला कळत नव्हता. आईला काहीही सांगता आलं असतं; आई, तिनं हिंदीत लिहिलंय, एवढंसं खोटं. तेही अर्धं खरंच.

"मॅम," ती म्हणाली, "मराठी में शिक्षा का मतलब पढ़ाई नहीं होता. सज़ा होता है."

मॅडम आधी हसल्या. मग अबोलीचा चेहरा पाहून थांबल्या. अबोलीनं सगळं सांगितलं. एकशे चौदा नंबरपासून. मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. "स्वरदा, ये सच है?"

"सच है. हिंदी वाला भी सच है," स्वरदा म्हणाली.

फरहत मॅडम खुर्चीत बसल्या. "और मैंने तालियाँ बजवा दीं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "इसी टेबल पर तो बैठती हूँ रोज़." त्यांनी टेबलाचा खण उघडला, शिक्का बाहेर काढला, हातात फिरवला आणि स्वरदाच्या खुर्चीजवळच्या फळीवर नेऊन ठेवला. "ये वहीं रहेगा."

"हओ मॅम."

"घर पर ख़ुद बताओगी, या बोर्ड पर पढ़ने दोगी?"

"ख़ुद," अबोली म्हणाली. व्हॅनमध्ये त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. ड्रायव्हरकाकांनी दोनदा आरशातून विचारलं, "तबियत ठीक है बिटिया?"

संध्याकाळी आई मेथी निवडत होती. अबोली शेजारी बसून निवडू लागली आणि सांगू लागली. आई ऐकता ऐकता निवडत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "उद्या स्वरदाची आई पण वाचेल ते. तेव्हा तू माझ्या मागे लपायचं नाहीस."

हे अबोलीच्या लक्षातच आलं नव्हतं.

शनिवारी स्वरदाची आई, विनिताकाकू, बोर्डासमोर उभी होती. तिनं कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं. अबोली पुढे झाली. पाय तिचे आपोआप मागे जात होते, तरी झाली. "काकू, ते मराठीतलं पण खरं आहे. मी तिची पुस्तकं हलवायचे."

काकू तिच्यावर ओरडली नाही. ती म्हणाली, "दोन महिने ही घरी आली की माझी सगळी पुस्तकं मोजायची. एकदा नाही, तीन-तीनदा. मला वाटायचं, काय झालंय हिला?" मग कार्डाकडे बघत, "आता कळलं." आणि ती पुढच्या खोलीत निघून गेली. अबोलीला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढचा आठवडा अबोली मधल्या सुट्टीत रोज लायब्ररीत गेली. कपाटाआड नाही, सरळ दारातून. स्वरदा कपाटावरून नजर फिरवायची, मग डबा उघडायची. अबोली सांगायची: उद्या फायर ड्रिल आहे, सायरन वाजणार, अकरा वाजता, हेडफोन आधीच लाव. बुधवारी स्वरदानं विचारलं, "तू हओ म्हणतेस ते कुठल्या घरचं?" अबोली म्हणाली, "ते फक्त भोपाळचं." तेही वहीत गेलं.

अठरा तारखेच्या गुरुवारी अबोली रांगेत उभी राहिली, इतर मुलांसारखी. स्टुलावर स्वरदा होती. अबोलीच्या पुस्तकावर पंचवीस तारीख उमटली. रांग संपल्यावर स्वरदा उठली, शिक्का घेऊन बोर्डापाशी गेली आणि नखानं पट्ट्या मागे फिरवू लागली. मॅडम पाहत होत्या. स्वरदानं आधी उजवी पिन काढली, मग डावी. कार्ड टेबलावर ठेवून तिनं वाक्याच्या खाली शिक्का मारला.

अकरा सप्टेंबर.

"मराठीतलं इथपर्यंत," ती म्हणाली. "तारीख नसती तर वाक्य चुकलं असतं."

"आणि हिंदीतलं?" अबोलीनं विचारलं.

"ते चालू आहे. त्याला तारीख नाही."

तिनं कार्ड पुन्हा लावलं. अबोली जवळ जाऊन बघू लागली. जांभळा शिक्का अक्षरांच्या ओळीला अगदी समांतर बसला होता, कुठेही न तुटता, कुठेही न पसरता. इतका सरळ तिला कधीच जमला नव्हता, गप्प बसूनसुद्धा नाही.

"जलन होतेय का?" स्वरदानं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हओ," अबोली म्हणाली. "थोडी."

स्वरदानं मान हलवली आणि वहीत जलनपुढच्या रिकाम्या जागेत वाक्य लिहायला घेतलं.